आधी काचपट्टी, मग औषध

वाचकहो, या स्तंभात आपण एरवी मधुमेह, रक्तदाब, दमा, बाळांचे लसीकरण अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय पाहून काहींच्या भुवया उंचावतील. तळ्यात पाळलेला मासा आजारी आहे की निरोगी, हे त्याच्या अवयवांचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कसे ओळखतात, हा आजचा विषय आहे. "डॉक्टरसाहेब, आता माशांचा दवाखाना काढता की काय?" असे कोणी विचारील. दवाखाना काढायचा नाही. पण तळ्यातल्या माशाला चुकीचे औषध मिळाले, तर त्याचे परिणाम फिरून माझ्या दवाखान्यात येतात, म्हणून हा विषय माझाही आहे आणि तुमचाही.

आपल्या नाशिक जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत शेततळी फार वाढली. २०१६ साली राज्य शासनाची 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि निफाड, सिन्नर, चांदवड, येवल्याकडे प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली तळी जागोजागी दिसू लागली. मूळ हेतू द्राक्ष, डाळिंब, कांद्याला पाणी हा. पण पाणी साठलेच आहे तर त्यात रोहू, कटला, मृगळाची बोटुकली सोडू, चार पैसे जास्तीचे मिळतील, असा विचार अनेकांनी केला. विचार चांगला आहे. माशाच्या मांसात उत्तम प्रतीची प्रथिने असतात आणि आपल्या भागातील मुलांच्या ताटात प्रथिने कमीच पडतात.

अडचण येते ती मासे मरू लागले की. सकाळी तळ्यावर जावे तो पाच-पंचवीस मासे पोट वर करून तरंगताना दिसतात. मालक घाबरतो. शेजारी सांगतो ते करतो, दुकानदार देईल ते टाकतो. एकदा रक्तदाब तपासायला आलेल्या एका शेतकरी दादांनी खिशातून कॅप्सूलचे अर्धे पाकीट काढले आणि मला विचारले, "डॉक्टरसाहेब, पोराच्या आजारपणातलं हे उरलंय. माशांच्या खाद्यात कालवलं तर चालेल का?" प्रश्न भाबडा होता, पण त्यामागची चिंता खरी होती. त्यांनी त्या तळ्यात कर्जाचा पैसा घातला होता. मी त्यांना जे उत्तर दिले तेच आज सविस्तर सांगतो. चालणार नाही. कारण मासे कशाने मरत आहेत हेच अजून कोणाला ठाऊक नाही.

माणसाची गाठ आणि माशाचा व्रण

माझ्याकडे मानेत गाठ आलेला रुग्ण येतो. गाठ क्षयाची आहे, कर्करोगाची आहे, की दातातल्या साध्या संसर्गामुळे सुजलेली आहे, हे नुसते बोटांनी चाचपून खात्रीने सांगता येत नाही. मग आपण गाठीचा लहानसा तुकडा काढून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतो. यालाच बायोप्सी म्हणतात. तो तुकडा पाहून पॅथॉलॉजिस्ट सांगतो, अमुक प्रकारच्या पेशी आहेत, क्षय आहे. मग सहा महिन्यांचे औषध सुरू होते. निदान आधी, औषध नंतर, हा क्रम आता खेड्यापाड्यातल्या रुग्णालाही पटला आहे.

आजार पेशींमध्ये शोधायचा, हा विचार जर्मनीच्या रुडॉल्फ फिरशो यांनी १८५८ साली ठामपणे मांडला. तो माणसाइतकाच गाईम्हशींना, कोंबड्यांना आणि माशांनाही लागू पडतो. माशालाही यकृत आहे, मूत्रपिंड आहे, प्लीहा आहे, हृदय आहे. फुप्फुसाच्या जागी कल्ले आहेत. विष, जंतू, उपासमार किंवा गुदमरणे यांनी या अवयवांच्या पेशींवर जे घाव होतात, त्यांच्या खुणा काचेखाली दिसतात.

फरक एकच. माणसाचा कण काढतात आणि माणूस घरी जातो. तळ्याच्या बाबतीत पाच-दहा आजारी मासे बळी द्यावे लागतात. पण तळ्यात मासा हा एकटा रुग्ण नसतो, सबंध तळे हा रुग्ण असतो. पाच माशांच्या तपासणीतून उरलेल्या हजारोंचे निदान होते. "शंभर रुपयांच्या माशाला तपासणी कशाला?" असे विचारणाऱ्यांना माझे हेच उत्तर आहे. तपासणी एका माशाची नसते, तळ्याची असते.

तपासणी होते कशी?

आजारी माशाच्या कल्ल्यांचे, यकृताचे, मूत्रपिंडाचे, प्लीहेचे, आतड्याचे आणि व्रण असेल तर व्रणाच्या कडेचे छोटे तुकडे काढतात. ते लगेच फॉर्मॅलिनच्या पातळ द्रावणात बुडवतात. फॉर्मॅलिनमुळे पेशी जशा आहेत तशा टिकतात, कुजण्याची क्रिया थांबते. नंतर अल्कोहोलने त्यातले पाणी काढून टाकतात आणि तुकडा मेणाच्या वडीत बसवतात. त्या वडीचे मायक्रोटोम नावाच्या यंत्राने चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप करतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केससुद्धा याहून दहा-पंधरा पट जाड असतो. असा काप काचपट्टीवर चिकटवून त्याला दोन रंग देतात. एका रंगाने पेशींची केंद्रे निळी-जांभळी होतात, दुसऱ्याने बाकीचा भाग गुलाबी होतो. पॅथॉलॉजिस्टला त्या चित्रात हवे ते सापडते.

कल्ले पाहा. निरोगी माशाच्या कल्ल्यात नाजूक पातळ पापुद्रे कंगव्याच्या दातांसारखे वेगवेगळे दिसतात. पाण्यातला प्राणवायू या पापुद्र्यांतून रक्तात जातो. तळ्यात माशांची दाटी झाली, उरलेले खाद्य तळाशी कुजले आणि पाण्यात अमोनिया वाढला, की या पापुद्र्यांवरच्या पेशी वाढून जाड होतात, शेजारचे पापुद्रे एकमेकांना चिकटतात. आता भोवती पाणी असूनही मासा गुदमरतो. अशा माशाला प्रतिजैविक देणे म्हणजे धुराने खोकणाऱ्या माणसाला क्षयाचे औषध देण्यासारखे आहे. त्याला हवे आहे ताजे पाणी, कमी खाद्य आणि मोकळी जागा.

यकृत पाहा. शिळे, खवट खाद्य किंवा गरजेपेक्षा जास्त खाद्य मिळालेल्या माशाच्या यकृताच्या पेशी चरबीच्या थेंबांनी फुगलेल्या दिसतात. बसून खाणाऱ्या आणि वजन वाढलेल्या माणसाच्या सोनोग्राफीच्या कागदावर 'फॅटी लिव्हर' लिहून येते, तसलाच हा प्रकार. प्लीहा आणि मूत्रपिंडात काळपट रंगद्रव्य साठवणाऱ्या पेशींचे पुंजके असतात. मासा दीर्घकाळ ताणात किंवा दूषित पाण्यात राहिला तर हे पुंजके संख्येने आणि आकाराने वाढतात. मासा वरून चकचकीत दिसत असला तरी आतली नोंदवही खरे ते सांगते.

लाल व्रणांची गोष्ट

आता एक खरा इतिहास सांगतो. १९८८ साली ईशान्य भारत आणि पश्चिम बंगालमध्ये माशांच्या अंगावर लाल डाग पडू लागले. डागांचे खोल व्रण होत, मांस सडून हाडे दिसत आणि मासे मोठ्या संख्येने मरत. हा रोग आधी १९७१ साली जपानमध्ये, १९७२ साली ऑस्ट्रेलियात आणि पुढे आग्नेय आशियात दिसला होता. भारतात तो पुढच्या काही वर्षांत एकेक राज्य करीत पसरला. तलावातले मरळ आणि लहान जंगली मासे तर गेलेच, पाळलेले रोहू, कटला, मृगळही सुटले नाहीत. लोकांनी भीतीने मासे खाणे सोडले. ज्यांचे मासे निरोगी होते त्या कोळी-भोई कुटुंबांच्याही चुली थंडावल्या.

कारण काय? व्रणावर बोळा फिरवून प्रयोगशाळेत वाढवला की त्यात जंतू सापडत, आणि ते खरोखर तेथे असत. म्हणून जंतूंना दोष द्यावा आणि प्रतिजैविके द्यावीत, असा मोह होई. काही शास्त्रज्ञांना माशात विषाणूही सापडले. पण व्रणाच्या कडेचे मांस कापून, मेणात बसवून, रंगवून पाहिले तेव्हा चित्र वेगळेच दिसले. मांसाच्या आत खोलवर बुरशीसारखे धागे शिरले होते आणि प्रत्येक धाग्याभोवती माशाच्या शरीराने पेशींचा वेढा घातला होता. या वेढ्याला वैद्यकात ग्रॅन्युलोमा म्हणतात. माणसाच्या क्षयाच्या गाठीतही असाच वेढा असतो, म्हणून मला ते चित्र लगेच ओळखीचे वाटते. चांदीच्या क्षाराचा खास रंग दिला की हे धागे काळे उठून दिसतात. १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांनी त्या धाग्याचे नाव नक्की केले, ॲफॅनोमायसिस इन्व्हॅडन्स. व्रणाच्या पृष्ठभागावर सापडणारे जंतू हे मागून आलेले लुटारू होते. भिंत फोडणारा दुसराच होता.

आमच्या द्राक्ष बागाईतदार वाचकांना यात आणखी एक गंमत वाटेल. हा धागा खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. तो ज्या गटात मोडतो, त्याच गटात तुमच्या द्राक्षावरचा केवडा मोडतो. केवडा आणि भुरी यांतला फरक तुम्ही पान उलटे करून क्षणात सांगता. दोन्हींची फवारणी वेगळी, हे तुम्हाला शिकवावे लागत नाही. केवड्यावर कोणी प्रतिजैविक मारायला सांगितले तर तुम्ही त्याला बागेबाहेर काढाल. मग तळ्यातल्या माशाच्या 'केवड्या'वर प्रतिजैविक का चालावे? जंतूंवरचे औषध या धाग्याचे काहीही बिघडवू शकत नाही. याला आपल्याकडे म्हणतात आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी.

निदान बदलले तसे उपायही बदलले. तळ्यात योग्य प्रमाणात चुना टाकणे, पावसाळ्यानंतर आणि थंडीत जास्त लक्ष ठेवणे, बाहेरचे जंगली मासे तळ्यात येऊ न देणे, तपासलेलेच बीज सोडणे, यांवर भर आला. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने 'सिफॅक्स' नावाचे औषधही काढले. सायप्रिनस आणि तिलापिया या माशांना हा रोग सहसा होत नाही, हेही कळले. आणि खाणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठा दिलासा असा, की हा धागा माणसाच्या शरीराच्या तापमानात, म्हणजे ३७ अंश सेल्सियसला वाढतच नाही. त्यापासून माणसाला रोग होत नाही. व्रण पडलेला मासा खाऊ नये हे खरेच, कारण त्याच्या मांसात इतर जंतू माजलेले असतात. पण म्हणून बाजारातले सगळेच मासे टाकून देण्याचे कारण नव्हते. नेमके निदान लवकर झाले असते, तर भीतीने झालेले नुकसान तरी टळले असते.

माशाच्या यकृताने माणसाला शिकवले

या तपासणीचा फायदा माशांपुरताच राहत नाही. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या मत्स्यकेंद्रांमध्ये पाळलेल्या ट्राउट माशांच्या यकृतात मोठ्या प्रमाणावर गाठी आढळल्या. काचपट्टीवर तो कर्करोग निघाला. शोध घेता घेता मूळ सापडले खाद्यातल्या सरकीच्या पेंडीत. पेंडीला बुरशी लागली होती आणि त्या बुरशीने अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार केले होते. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड खाऊन लाखभर टर्की पक्षी मेले होते, तेही याच विषाने. आज अफ्लाटॉक्सिनमुळे माणसालाही यकृताचा कर्करोग होतो हे सिद्ध झाले आहे. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या आदिवासी पट्ट्यात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली.

आपल्याकडे माशांना शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा घालण्याची पद्धत आहे. पावसाळ्यात पोते ओले झाले, पेंडीला हिरवट बुरशी चढली, की "माशालाच तर घालायची आहे" म्हणून ती तळ्यात जाते. कृपया असे करू नका. मासाही तेच भोगतो जे आपण भोगू.

माझ्या दवाखान्याशी संबंध काय?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तळ्यात अंदाजाने टाकलेल्या प्रतिजैविकाचे काय होते? थोडे माशाच्या पोटात जाते. बरेचसे पाण्यात आणि तळाच्या गाळात उतरते. त्या गाळातल्या जंतूंना रोज थोडे थोडे औषध मिळत राहते. कमकुवत जंतू मरतात, निबर उरतात. हे निबर जंतू आपला निबरपणा इतर जातीच्या जंतूंनाही देऊ शकतात. तेच पाणी बागेला जाते, भाजीला जाते, हातापायाला लागते. आणि मग एके दिवशी माझ्यासमोर लघवीच्या संसर्गाची एखादी ताई बसते. तिच्या तपासणीच्या कागदावर औषधांच्या नावापुढे 'लागू नाही, लागू नाही' असे लिहून आलेले असते. पूर्वी साध्या गोळीवर बरा होणारा आजार आता सुईवर आणि खाटेवर जातो. याचे सगळे खापर मी तळ्यांवर फोडणार नाही. माणसांना सर्दीपडशासाठी दिली जाणारी प्रतिजैविके आणि कोंबड्यांच्या खाद्यातली औषधे यांचाही त्यात मोठा वाटा आहे. पण तळे हा एक दरवाजा आहे आणि तो उघडा ठेवण्यात शहाणपण नाही.

सरकारनेही हे ओळखले आहे. कोलिस्टिन हे आमच्या अतिदक्षता विभागातले शेवटच्या घटकेचे औषध. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत, कोंबड्यांत आणि मत्स्यपालनात त्याच्या वापरावर बंदी घातली. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातल्या औषधांनाही खाण्याच्या माशांमध्ये बंदी आहे. औषधाचा अंश सापडला म्हणून माल परत येणे म्हणजे काय, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. २०१० साली आपली द्राक्षे युरोपात कशी अडकली ते सर्वांना आठवत असेल. त्या धक्क्यानंतर बागाईतदार किती जागरूक झाले! माती परीक्षण, पाणी परीक्षण, पान-देठ परीक्षण केल्याशिवाय चांगला बागाईतदार खताची गोणी फोडत नाही. तोच बागाईतदार बागेच्या कडेच्या तळ्यावर गेला की अंदाजाने पुड्या ओततो, याचे मला नवल वाटते.

फॉर्मॅलिनचा गैरसमज

वर फॉर्मॅलिनचा उल्लेख आला, त्यामुळे एक खुलासा. २०१८ साली केरळात आणि नंतर गोव्यात बाजारातल्या मासळीत फॉर्मॅलिन असल्यावरून मोठा गदारोळ झाला. गोवा सरकारने त्या जुलैत परराज्यातून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदीही घातली. मासळी ताजी दिसावी म्हणून तिला फॉर्मॅलिन लावणे हा गुन्हाच आहे, कारण त्यातला फॉर्मल्डिहाइड वायू कर्करोगकारक मानला जातो. तपासणीच्या बाटलीतले फॉर्मॅलिन वेगळ्या कामाचे. त्यात बुडवलेला तुकडा कधीच कोणाच्या ताटात जात नाही. मात्र हे द्रावण घरात पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. पोरांच्या हाती लागले तर अनर्थ होईल. बाटलीवर ठळक चिठ्ठी हवी आणि हाताळताना हातमोजे व मोकळी हवा हवी. शक्यतो जाणकाराकडूनच तुकडे काढून घ्यावेत.

या तपासणीलाही मर्यादा आहेत

काचपट्टी म्हणजे जादूचा आरसा नव्हे. मासा फार लवकर कुजतो. मरून तासभर उन्हात पडलेल्या माशाचे कल्ले आणि आतडी इतकी बिघडतात, की रोगाची खूण कोणती आणि कुजण्याची कोणती हे तज्ज्ञालाही सांगता येत नाही. विषाणूचे नाव नक्की करायला पीसीआरसारख्या चाचण्या लागतात. २०१८ साली भारतात नोंद झालेल्या तिलापियाच्या विषाणूरोगात यकृताच्या पेशी एकमेकींत मिसळून मोठ्या झालेल्या दिसतात आणि त्यावरून संशय येतो, पण शिक्कामोर्तब पीसीआरनेच होते. कोणते औषध लागू पडेल हे जंतू वाढवून पाहिल्यावर कळते. आणि पुष्कळदा तर या कशाचीच गरज नसते. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून हवा गिळत असतील आणि ऊन वर आल्यावर सावरत असतील, तर पाण्यात प्राणवायू कमी आहे हे ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. अंगावर चिकटलेली माशाची ऊ नुसत्या डोळ्यांनी दिसते. म्हणून पाण्याची तपासणी पहिली, डोळ्यांनी पाहणे दुसरे, आणि तरीही उलगडा झाला नाही तर पेशींची तपासणी. औषध सर्वांत शेवटी.

तळेवाल्यांनी काय करावे?

१) मासे मरू लागताच खाद्य बंद करा, शक्य असेल तर ताजे पाणी सोडा. पहाटे आणि दुपारी पाण्याचे तापमान, प्राणवायू, सामू आणि अमोनिया मोजून घ्या.

२) नोंद लिहा. किती मासे, कोणत्या जातीचे, केव्हापासून मेले, खाद्य कोणते, पाऊस केव्हा झाला, शेजारच्या बागेत कोणती फवारणी झाली. डॉक्टरला रुग्णाची हकीकत लागते, तशीच पॅथॉलॉजिस्टलाही लागते.

३) तपासणीला मेलेला मासा उपयोगाचा नाही. आजारी, सुस्त पण जिवंत मासे निवडा आणि तुलनेसाठी दोन-तीन निरोगी मासेही द्या.

४) पेशींच्या तपासणीचा मासा कधीही बर्फखान्यात गोठवू नका. गोठताना पेशी फुटतात. तुकडे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नसावेत आणि द्रावण तुकड्यांच्या दहापट असावे.

५) अहवाल येईपर्यंत तळ्यात कोणतेही प्रतिजैविक टाकू नका. मेलेले मासे नदीत किंवा कालव्यात फेकू नका, चुना टाकून खोल पुरा.

आणि शासनाने?

मुंबईला वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ पासून आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला, तसेच नागपूर आणि उदगीरला मत्स्य महाविद्यालये आहेत. २०१३ पासून देशात जलचर प्राण्यांच्या रोगांवर नजर ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २०२३ साली शेतकऱ्याला मोबाईलवरून माशांच्या रोगाची माहिती कळवता यावी म्हणून एक ॲपही निघाले. म्हणजे ज्ञान आहे, माणसे आहेत. पण काखेत कळसा अन् गावाला वळसा अशी स्थिती आहे. येवल्याच्या शेतकऱ्याने सुस्त मासा वर्सोव्यापर्यंत न्यायचा कसा? पोचेपर्यंत तो मेलेला, कुजलेला असणार.

माझी सूचना साधी आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात औषध भरलेल्या, चिठ्ठी लावलेल्या बाटल्यांचा एक संच ठेवावा. तेथील कर्मचाऱ्याला माशाचे अवयव ओळखून तुकडे काढण्याचे दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे. बाटलीत पडलेला तुकडा मग घाईचा नसतो, तो एसटीच्या पार्सलने आठवड्याने पोचला तरी बिघडत नाही. अहवाल मात्र मराठीत आणि वेळेत यावा. माणसांच्या क्षयासाठी थुंकीचा नमुना गावातून प्रयोगशाळेपर्यंत नेण्याची व्यवस्था आपण उभी केली. माशांसाठी तेवढा खर्चही लागणार नाही. शेततळ्याला अनुदान देताना पाण्याची तपासणी आणि नमुन्याची बाटली हीही त्या तळ्याची गरज धरावी.

खाणाऱ्यांसाठी दोन शब्द

मासा घेताना कल्ले उघडून पाहा, ते लालसर आणि स्वच्छ असावेत. डोळे फुगीर, मांस दाबल्यावर परत वर येणारे असावे. व्रण पडलेला, पोट फुगलेला मासा घेऊ नका. पूर्ण शिजवून खा. मासे कापणाऱ्या, तळ्यात उतरणाऱ्या किंवा घरी काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्या कोणाच्या हाताला काटा लागून गाठ आली आणि ती आठवडे उलटले तरी बरी होत नसेल, तर अंगावर काढू नका. मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा, क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद माशांना होतो आणि कधीकधी माणसाच्या कातडीतही शिरतो. तो प्रथम १९२६ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात मेलेल्या माशांत सापडला. नेहमीच्या मलमांनी आणि गोळ्यांनी तो हटत नाही. तेथेही निदानासाठी कातडीचा लहानसा तुकडा काढून काचेखाली पाहावा लागतो. म्हणून डॉक्टरांना मासे हाताळता हे आवर्जून सांगा.

असो. तळ्यावर मासा मरून पडला की जीव घाबरा होतो आणि हात पुडीकडे जातो. त्या वेळी पुडी बाजूला ठेवा, सुस्त मासा पकडा आणि तपासायला द्या. निदान न करता दिलेले औषध माणसाला चालत नाही, तसे माशालाही चालत नाही. आणि माशाला दिलेले औषध शेवटी माणसाकडेच येते.